भारत भवन ते करोंद : भोपाळच्या दोन संग्रहालयांचा विचार

भोपाळ हे शहर मराठी माणसाने वसवलेले नाही. १७३७ च्या अखेरीस पहिल्या बाजीरावाने निजामाला याच परिसरात कोंडीत पकडले आणि १७३८ च्या जानेवारीत दोराहा येथे तह झाला, एवढाच काय तो पेशवाईतला ठळक संबंध. आपली बहुतेक घराणी येथे आली ती त्यानंतर दोन शतकांनी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला आणि राजधानीचा मान भोपाळला मिळाला. तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुरातून, तसेच मध्य भारताच्या ग्वाल्हेर व इंदूर येथील कचेऱ्यांतून मराठी नोकरदार कुटुंबे बिऱ्हाडे घेऊन येथे आली आणि तात्या टोपे नगरच्या सरकारी निवासस्थानांत स्थिरावली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने त्यांत आणखी भर घातली. इंदूरकरांना राजवाडा होता, ग्वाल्हेरकरांना शिंद्यांचा जयविलास होता, महेश्वरला अहिल्यादेवींचा घाट होता. भोपाळकर मराठी माणसाला पूर्वजांच्या हातची अशी एकही वास्तू वारशाने मिळाली नाही. त्याला आपलेपण जोडावे लागले ते आपल्या डोळ्यांदेखत उभ्या राहिलेल्या वास्तूंशी.

अशा वास्तूंमध्ये भारत भवनाचे स्थान पहिले आहे. श्यामला टेकडीच्या उतारावर, मोठ्या तलावाकडे तोंड करून वसलेल्या या कलासंकुलाचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. त्याचे वास्तुकार चार्ल्स कोरिया. त्यानंतर ३२ वर्षांनी, २ डिसेंबर २०१४ रोजी, शहराच्या उत्तर टोकाला करोंद येथे एक अगदी लहान संग्रहालय उघडले. त्याला नामांकित वास्तुकार लाभला नाही, टेकडी लाभली नाही, तलावही लाभला नाही. ही दोन्ही संग्रहालये एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे. प्रश्न असा की, संग्रहालयात आलेला माणूस थबकतो, गप्प होतो, अंतर्मुख होतो, तो कशामुळे?

आपल्याकडे संग्रहालय ही संस्था इंग्रजी अमदानीत आली आणि लोकांनी तिचे नाव ठेवले अजबखाना. हे नाव फार बोलके आहे. मुंबईत १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले राणीच्या बागेतील संग्रहालय (आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय) किंवा जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेले आणि १९२२ साली उघडलेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) यांच्या इमारतींनीच प्रेक्षकाला आधी दिपवून टाकावे, अशी योजना होती. भव्य प्रवेशद्वार, घुमट, उंच दालने, काचेच्या कपाटांच्या रांगा. माणसाने यावे, तोंडात बोट घालावे आणि जावे. या इमारतींचे सौंदर्य कोणी नाकारणार नाही. मात्र त्यांत दर्शनाचा भाग मोठा आणि मननाचा लहान होता, असे म्हणावे लागते. स्वातंत्र्यानंतर ज्या वास्तुकारांनी हे प्रमाण उलटे करण्याचा प्रयत्न केला, त्यांत कोरिया अग्रभागी होते.

चार्ल्स कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबादेत एका गोमंतकीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून ते अमेरिकेत गेले, मिशिगन विद्यापीठात आणि नंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिकले आणि १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. महाराष्ट्राचा त्यांच्याशी संबंध बहुपदरी आहे. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी साठीच्या दशकात खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली आणि पुढे सिडकोचे मुख्य वास्तुकार म्हणून काम पाहिले. पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आयुका या संस्थेची वास्तू त्यांचीच. पणजीची कला अकादमीही त्यांचीच. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

व्यवसायाच्या आरंभीच त्यांच्याकडे एक अवघड काम आले. अहमदाबादेत साबरमती आश्रमाच्या आवारात गांधीजींची पत्रे, छायाचित्रे आणि कागदपत्रे ठेवण्यासाठी संग्रहालय बांधावयाचे होते. ज्या माणसाने आयुष्यभर गरजा कमी केल्या, त्याच्या स्मृतीसाठी घुमटांची इमारत कशी चालावी? कोरियांनी सहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असा एक चौरस घेतला, त्याच्या चार कोपऱ्यांवर विटांचे खांब उभारले, वर कौलारू पिरॅमिडाकृती छप्पर घातले आणि अशाच चौरसांची जुळणी करीत गेले. काही चौरस भिंतींनी बंद केले, काही उघडेच ठेवले, मध्ये पाण्याचा एक चौक सोडला. जमीन दगडी, दारे लाकडी, आणि खिडक्यांना काच नाही. उजेड-वारा लाकडी झडपांतून येतो. १९६३ च्या मे महिन्यात पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. ही वास्तू प्रेक्षकाला प्रभावित करू पाहत नाही. शेजारी असलेल्या गांधीजींच्या कुटीपेक्षा आपण मोठे दिसू नये, याचे भान तिने पाळले आहे. विशेष म्हणजे पुढे जागा लागली तर आणखी चौरस जोडावे, अशी सोय तिच्या रचनेतच आहे.

भारत भवनाच्या वेळी कोरियांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. साबरमतीला इमारत लहान दिसते. भोपाळला ती जवळजवळ दिसतच नाही. प्रथम येणारा माणूस रस्त्यावरून आत शिरतो तेव्हा त्याला समोर दर्शनी भिंत आढळत नाही. दिसतात त्या गच्च्या, कठडे, झाडे आणि पलीकडे पाणी. राजा भोजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या तलावाला वास्तुकाराने पहिला मान दिला आहे. प्रवेश सर्वांत वरच्या पातळीवर असून तेथून पायऱ्यांनी खाली खाली उतरत जावयाचे. टेकडीचा मूळ उतार न मोडता त्यावरच पायऱ्यापायऱ्यांनी गच्च्या रचल्या आहेत आणि त्या गच्च्यांच्या पोटात दालने आहेत. खालच्या दालनाचे छप्पर म्हणजे वरच्या माणसाची चालण्याची जागा. उतरता उतरता एकेक बुडीत चौक लागतो आणि त्या चौकाभोवती एकेक विभाग उलगडतो : चित्र-शिल्पांचे ‘रूपंकर’, नाटकाचे ‘रंगमंडल’, कवितेचे ‘वागर्थ’, संगीताचे ‘अनहद’. बंदिस्त नाट्यगृहाला ‘अंतरंग’ आणि तलावाकडे उघडणाऱ्या खुल्या रंगमंचाला ‘बहिरंग’ अशी समर्पक नावे दिली गेली.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. वाड्याच्या चौकात उभे राहिले की चारही बाजूंना घर असते आणि डोक्यावर आकाश असते. ओसरीवर बसलेला माणूस धड घरातही नसतो आणि धड बाहेरही नसतो. महेश्वरच्या घाटाने नदीपर्यंत उतरणारा यात्रेकरू पाण्याला पोहोचण्याआधीच मनाने शांत होत जातो, कारण प्रत्येक पायरी त्याची गती थोडी कमी करते. कोरियांनी आपल्या लेखनात आकाशाला उघड्या असलेल्या जागेचा विचार वारंवार मांडला. आपल्या उष्ण हवामानात सकाळ-संध्याकाळ माणसाला अंगण, गच्ची, झाडाचा पार हवासा वाटतो आणि टळटळीत दुपारी तोच माणूस भिंतीआड सावली शोधतो, हे साधे निरीक्षण त्यांच्या वास्तुकलेच्या मुळाशी आहे. भारत भवनात उजेड येतो तो दालनांच्या माथ्यावर बसवलेल्या काँक्रीटच्या झडपवजा कवचांमधून आणि कठड्यांलगतच्या फटींमधून. चौकाकडच्या दारांना दुहेरी पाखे आहेत : आतली काचेची व हवा-उजेडासाठी उघडणारी, बाहेरची भक्कम लाकडी, जी रात्री सुरक्षिततेसाठी बंद होतात. वाड्याचा दिंडी दरवाजा ज्यांनी पाहिला आहे त्यांना या योजनेतील शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही.

पाश्चात्त्य कलाविचारात ‘मिनिमलिझम’ नावाची एक दृष्टी आहे. कमीत कमी आकार, कमीत कमी सामग्री आणि अलंकरणाला फाटा, अशी तिची स्थूल ओळख सांगता येईल. अंतर्मुख करणाऱ्या संग्रहालयांची चर्चा या दृष्टीच्या संदर्भात नेहमी होते. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेमुळे आपल्याला परिचित असलेल्या लुई कान यांनी अमेरिकेतील फोर्ट वर्थ येथे बांधलेले किंबेल कला संग्रहालय १९७२ साली उघडले. त्याच्या लांबट कमानी छपरांना माथ्यावर एक चीर आहे आणि तिच्यातून येणारा प्रकाश पडद्यावर आपटून छताच्या पोटावर पसरतो. तो प्रकाशच तेथला एकमेव अलंकार म्हणावा लागेल. जपानच्या नाओशिमा बेटावर तादाओ आंदो यांनी रचलेले चिचू संग्रहालय २००४ साली उघडले. ते जवळजवळ संपूर्ण जमिनीखाली आहे. मोने यांची कमळतळ्याची चित्रे तेथे केवळ नैसर्गिक उजेडात, जोडे काढून पाहावयाची असतात. आपल्या देवळाचा शिष्टाचार तेथे कलादालनात पाळला जातो.

या दोहोंच्या पंक्तीत भारत भवन बसते काय? टेकडीच्या पोटात शिरण्याची युक्ती कोरियांनी आंदोंच्या आधी बावीस वर्षे योजली होती. कोरियांना मात्र निखळ मिनिमलिस्ट म्हणणे कठीण आहे. जयपूरच्या जवाहर कला केंद्रात त्यांनी नवग्रहांच्या नऊ चौकोनांची प्रतीकमय रचना केली, रंग आणि चिन्हे मोकळेपणाने वापरली. तरीही त्या नऊ चौकोनांतील मधला, म्हणजे सूर्याचा चौकोन, त्यांनी रिकामा ठेवला, आकाशाला उघडा ठेवला. कोरियांची मितव्ययिता ती हीच. भिंती किती कोऱ्या ठेवल्या यापेक्षा मोक्याची जागा कोणाला दिली यावरून ती ओळखावी. साबरमतीला ती पाण्याला दिली, जयपूरला आकाशाला, भोपाळला तलावाला. आंदोंच्या दालनात शिरलेला प्रेक्षक जगापासून तोडला जातो आणि म्हणून एकाग्र होतो. कोरियांच्या चौकात त्याला पाखरे ऐकू येतात, पाऊस लागतो, नाटकाच्या तालमीचा आवाजही येतो, आणि त्यातूनच त्याला आपली एकाग्रता कमवावी लागते.

या जागेत काय ठेवावे, याचा निर्णयही तितकाच महत्त्वाचा होता. मुख्यमंत्री अर्जुन सिंह यांच्या काळात हिंदी कवी व प्रशासक अशोक वाजपेयी यांनी भारत भवनाच्या उभारणीत पुढाकार घेतला. नाट्यविभाग ब. व. कारंत यांच्याकडे आला, तर रूपंकर चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या हाती सोपवले गेले. स्वामीनाथन यांनी मध्य प्रदेशाच्या आदिवासी भागांत तरुण कलावंतांची पथके पाठवली. पाटनगढच्या जनगढ सिंह श्याम या गोंड तरुणाची चित्रे त्यातूनच पुढे आली. शहरी आधुनिक कलावंत आणि आदिवासी कलावंत हे एकाच काळाचे नागरिक आहेत, या भूमिकेतून दोघांच्या कृती तेथे समान मानाने मांडल्या गेल्या. अजबखान्यात आदिवासी माणसाची मूर्ती काचेआड ठेवत असत. येथे त्याचे चित्र भिंतीवर, चित्रकाराच्या नावासह लागले. ज्या इमारतीला दर्शनी बाजू नाही आणि मागची बाजूही नाही, तिच्यात पहिले-दुसरे अशी प्रतवारी लावणे तसेही अवघड होते. वास्तू आणि संग्रह यांचा असा मेळ क्वचितच जमतो.

भारत भवनाला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र आली. शहराच्या उत्तर भागात, बेरसिया रस्त्यालगतच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांवरून पसरत गेला. हजारो माणसे मेली, लाखो जन्माची अधू झाली. मृतांचा सरकारी आकडा आणि पीडितांच्या संघटना सांगतात तो आकडा यांत आजही मोठे अंतर आहे. शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुबाधित ठरले. उरलेल्या वीस प्रभागांत नव्या भोपाळचा बराच भाग होता, म्हणजेच आपल्यापैकी पुष्कळांची घरे होती. भारत भवनाच्या गच्च्यांवर माणसाने पाणी आणि आकाश पाहत मनन करावे अशी योजना होती. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला मनन करण्यासारखे इतके भयंकर काही घडले, की त्याला कोणती वास्तू पुरी पडावी हा प्रश्नच होता.

हा प्रश्न पुढे रेंगाळत राहिला. कारखान्यासमोर १९८५ साली एका डच शिल्पकर्तीने, रूथ वॉटरमन यांनी, कडेवर मूल घेऊन पळणाऱ्या आईची प्रतिमा उभारली. कारखान्याच्या जागेवर स्मारक व्हावे म्हणून राज्य शासनाने देशभरातून आराखडे मागवले आणि २००५ साली दिल्लीच्या तरुण वास्तुकारांच्या एका संस्थेचा आराखडा निवडला गेला. गंजलेले सांगाडे पाडू नयेत, त्यांनाच साक्षीदार म्हणून ठेवावे, असा विचार त्यात होता. पुढे वर्षांमागून वर्षे गेली. कारखान्यात साठून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलवला गेला तोच मुळी जानेवारी २०२५ मध्ये, दुर्घटनेला ४० वर्षे लोटल्यावर. त्या वेळेपर्यंत स्मारक उभे राहिलेले नव्हते.

या पार्श्वभूमीवर करोंदच्या संग्रहालयाकडे पाहिले पाहिजे. आपल्यातील अनेकांना करोंद माहीत आहे ते धान्य आणि भाजीच्या मोठ्या मंडीमुळे. अलीकडे मेट्रोचा मार्ग एम्सपासून करोंदपर्यंत आखला गेल्याने ते नाव पुन्हा वृत्तपत्रांत दिसू लागले. बेरसिया रस्त्यावरील गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत, चारचौघांच्या घरांसारख्या एका घरात, दुर्घटनेच्या तिसाव्या स्मृतिदिनी ‘रिमेम्बर भोपाळ’ हे संग्रहालय उघडले. पत्रकार आणि संग्रहालयशास्त्राच्या अभ्यासक रमा लक्ष्मी यांनी त्याची आखणी केली आणि संग्रह जमवण्याचे व काय मांडावे हे ठरवण्याचे काम पीडितांनी स्वतः केले. सरकारचा किंवा कोणत्याही कंपनीचा पैसा घ्यावयाचा नाही, असा निर्धार होता.

तेथे मांडले काय? घराघरांतून मिळालेल्या नित्याच्या वस्तू, लहानग्यांचे कपडे, छायाचित्रे. वस्तूच्या जवळ भिंतीवर दूरध्वनीचा रिसीव्हर टांगलेला. तो उचलून कानाला लावला की त्या वस्तूशी ज्याचे नाते आहे अशा माणसाचा आवाज ऐकू येतो. तो आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत त्या रात्रीची किंवा नंतरच्या लढ्याची हकीकत सांगतो. या योजनेतील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. रिसीव्हर एकाच माणसाच्या कानाला लागतो. दहा जण एकत्र आले तरी ऐकणारा प्रत्येक जण त्या क्षणापुरता एकटा असतो, उभा असतो, गप्प असतो. भारत भवनात पायऱ्यांनी जे साधले, ते येथे एका जुन्या यंत्राने साधले.

दोन्ही ठिकाणचे तत्त्व एकच असल्याचे आता दिसून येईल. वास्तुकाराने मधली जागा आपल्याकडे न घेता तलावाला दिली. करोंदच्या संग्रहालयाने ती साक्षीदाराला दिली. पुतळा नको, घुमट नको, तज्ज्ञाचे निवेदनही शक्य तितके कमी. मांडणाराने मागे सरावे, म्हणजे पाहणारा पुढे येतो. मितव्ययी वास्तुकलेचा हा धडा काँक्रीटवाचूनही गिरवता येतो, हे करोंदच्या त्या घराने दाखवले. कोणी असे म्हणेल की, अशा विदारक विषयाला लहानशा घराची सोय अपुरी आहे आणि कारखान्याच्या जागेवर रीतसर स्मारक व्हायलाच हवे. ते म्हणणे रास्तच आहे. लोकांनी स्वतः पुढाकार घेतला म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. तथापि उद्या ते स्मारक बांधणाराने करोंदला जाऊन तो रिसीव्हर कानाला लावावा आणि मग साबरमतीचे विटांचे खांब पाहावेत, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.

शेवटी एक गोष्ट आपल्या समाजापुरती. आपली घराणी बिऱ्हाड हलवत आली, त्यामुळे आपल्याकडे दस्तऐवज थोडे आणि आठवणी पुष्कळ. १९५६ साली नागपूरहून आलेली पहिली पिढी आता जवळजवळ सरली आहे आणि तिच्या आठवणींपैकी फार थोड्या कागदावर उतरल्या. १९८४ साली पंचविशीत असलेली माणसे आज पासष्ट ओलांडून गेली आहेत. त्या रात्री आपल्यातील कोणी स्थानकावर गाडीची वाट पाहत होते, कोणी जुन्या शहरात पाहुणे होते, कोणी रुग्णालयात कामावर होते, कोणी तलावाच्या या बाजूला असल्याने पहाटेपर्यंत काहीच न कळता झोपले होते. हे शेवटचे अनुभवही नोंदवण्यासारखे आहेत, कारण एका शहराचे दोन भाग कसे झाले होते हे त्यांतूनच समजते. मराठीतून सांगितलेली अशी एक जरी हकीकत ध्वनिमुद्रित झाली, तरी या शहराशी आपले नाते केवळ नोकरीचे होते, असे पुढच्या पिढीला म्हणता येणार नाही. त्यासाठी इमारत लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे, ध्वनिमुद्रण सुरू करावे, आणि त्या रात्री तुम्ही कुठे होतात, एवढेच विचारून आपण गप्प राहावे.